आतल्यासाठी कुंपण

त्या वस्तीतल्या निम्म्या घरांची फाटकं मिस्त्रींच्या हातची होती, आणि मिस्त्रींच्या स्वतःच्या घराला फाटकच नव्हतं. कुंपणच नाही तर फाटक कुठून असणार? पुढचं अंगण सरळ रस्त्याला जाऊन मिळायचं. कोपऱ्यात पाण्याचा नळ, एक लिंबोणीचं झाड, कपडे वाळत घालायची तार आणि एका कडेला उरल्यासुरल्या लोखंडाचा ढीग. गल्लीतली कुत्री दुपारची हक्कानं येऊन सावलीत पसरायची.

काकू लग्न होऊन आल्या तेव्हापासून त्यांच्या मागे लागल्या होत्या. "अहो, जगाला कुंपणं घालून देता, आपल्या दाराला एक साधं फाटक नाही. लोक हसतात मला."

"हसू दे. आपल्याकडे चोरायला आहे काय? तो गंजका ढीग? कुणी नेलाच तर उपकार होतील, अंगण मोकळं होईल."

"निदान कुत्री तरी..."

"त्यांनी तुझं काय घोडं मारलंय?"

असं म्हणून ते सायकलवर टांग टाकून दुकानाकडे निघायचे. काकू पुटपुटत राहायच्या आणि घरातलं आवरून मागोमाग दुकानात जायच्या. कारण दुकान दोघांचं होतं. मिस्त्री वेल्डिंग करायचे आणि काकू रंग मारायच्या. आधी तांबडा प्रायमर, तो वाळला की गिऱ्हाइकाला हवा तो रंग. काकूंच्या नखांच्या कडेला तो तांबडा रंग कायम असायचा. मुलगी शाळेत होती तेव्हा मैत्रिणींना सांगायची, माझी आई कायम मेंदी लावते.

तिसरं माणूस म्हणजे बारक्या. हाताखाली आला तेव्हा काडीसारखा होता म्हणून मिस्त्रींनी ते नाव ठेवलं. पुढे त्याचं पोट सुटलं, टक्कल पडलं, त्यानं स्वतःचं दुकान टाकलं, दुकानात चार माणसं ठेवली, तरी नाव बारक्याच राहिलं. नवी गिऱ्हाइकं बारक्या कोण म्हणून विचारायची आणि आतून हे धूड बाहेर यायचं.

मिस्त्रींची एक सवय होती. कुंपण करून द्या म्हणत कुणी आलं की टेप हातात घेण्याआधी ते विचारायचे, "बाहेरच्याला अडवायचंय की आतल्याला?" लोक गोंधळायचे. मग मिस्त्री समजावून सांगायचे. चोर अडवायचा तर काम वेगळं, गाय अडवायची तर वेगळं. रांगतं पोर अंगणात सोडायचं असेल तर आणखी वेगळं. आणि शेजाऱ्याचं तोंड बघायचं नाही म्हणून हवं असेल तर कुंपण बांधू नका, चहाला बोलवा, स्वस्तात पडेल. यावर बरीच माणसं हसायची. एकदोघांनी खरंच शेजाऱ्याला चहाला बोलावलं आणि मिस्त्रींच्या हातचं काम गेलं.

अशा माणसाचं डोकं कधी सैल व्हायला लागलं हे नक्की सांगता येत नाही. काकूंना आठवतं ते एक फाटक. माप घेऊन आले, मन लावून केलं, हातगाडीवर घालून नेलं, तर ते त्या घराचं नव्हतंच. तिथल्या माणसांनी खिडकीची ग्रिल मागितली होती. मिस्त्री त्यांच्याशीच भांडले. मग हातगाडी ओढत परत आले. काकूंनी ते फाटक ढिगावर टाकलं आणि बारक्याला निरोप धाडला. बारक्यानं रातोरात ग्रिल करून दिली. तो विषय तिथंच मिटला असं सगळ्यांनी धरून चालायचं ठरवलं.

पण तो मिटला नाही. मिस्त्री वेल्डिंगचा होल्डर हातात घेऊन उभे राहायचे आणि पुढं काय करायचं ते त्यांना सुचायचं नाही. एकदा डोळ्यांपुढची काळी काच न लावताच त्यांनी ठिणगी पाडली. दोन दिवस डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपत होतं. त्यानंतर काकूंनीच दुकानाचं शटर ओढलं. अवजारं बारक्याकडे गेली. मिस्त्रींना सांगितलं, सध्या काम मंद आहे.

"मंदी आहे तर आहे," मिस्त्री म्हणाले. "जुनी कामं बघून येतो."

आणि ते निघाले. रोज निघायला लागले. वस्तीतल्या एकेका फाटकापाशी उभं राहायचं, कडी वरखाली करून बघायची, बिजागरीवर कान ठेवून फाटक हलवायचं, कुरकुरलं तर आत हाक मारायची, "तेल सोडत जा हो यात." सुरुवातीला लोकांना त्याचं कौतुक वाटलं. मिस्त्री आले म्हणून खुर्ची द्यायचे, पाणी द्यायचे. मग मिस्त्री एकाच दिवसात त्याच घरी चारदा यायला लागले. लोक वाईट नव्हते. घाबरायचे, इतकंच. कुणी ना कुणी हाताला धरून त्यांना घरी आणून सोडायचं आणि जाताना काकूंकडे असं बघायचं की त्यापेक्षा चार शब्द सुनावलेले परवडले असते.

एका सकाळी काकू कपडे पिळत होत्या. पिळून मागे वळल्या तर अंगण रिकामं. त्या चप्पल न घालताच धावल्या. फाटकांची सगळी घरं पालथी घातली. मिस्त्री सापडले ते मोठ्या रस्त्यावर. दोन्ही बाजूंनी ट्रक जात होते, आणि रस्त्याच्या मधोमध लोखंडी कठडा आहे त्याला टेकून मिस्त्री खाली वाकले होते, कठड्याचा सांधा बोटानं तपासत. गाड्यांचे हॉर्न कानठळ्या बसवत होते आणि त्यांना त्याचं काही नव्हतं. काकू कशाबशा कठड्यापाशी पोचल्या तेव्हा मिस्त्रींनी वर पाहिलं आणि तक्रारीच्या सुरात म्हणाले, "बघ, वेल्डिंगचा नुसता ठिपका दिलाय. पूर्ण शिवण मारायला काय होतं यांना?"

काकूंनी मिस्त्रींचा हात धरला तो घरी येईपर्यंत सोडला नाही.

मुलगी आली. ती दुसऱ्या गावी इस्पितळात नर्स होती, असे आजार तिनं पाहिले होते. आल्या आल्या ती म्हणाली, "आई, दाराला बाहेरून कडी लाव." काकूंनी तेही करून पाहिलं. पहिल्या दिवशी मिस्त्रींनी दार वाजवलं, मग ठोकलं, मग दोन्ही मुठींनी बडवलं. गिऱ्हाईक थांबलंय, मला जाऊ द्या, असं ओरडत राहिले. दार उघडलं तेव्हा हाताची सालं निघाली होती. मुलीनं औषध लावलं आणि आईकडे न बघता म्हणाली, "घरात कोंडून नाही जमायचं. त्यांना चालायला जागा हवी. अंगणाला कुंपण कर."

काकूंना हसावं की रडावं कळेना. आयुष्यभर ज्याच्यासाठी डोकं फोडलं ते कुंपण आता असं दारात येऊन उभं राहिलं होतं.

मुलगी दोन दिवस राहून गेली. तिच्या नोकरीला तेवढीच सुट्टी होती. काकू कुंपण बघायला लागल्या. इतकी वर्षं कुंपणांना रंग मारला, पण बाजारात उभं राहून निवडायची वेळ कधी आली नव्हती. सिमेंटच्या तयार फळ्यांची भिंत एका दिवसात उभी राहते, असं एका दुकानदारानं सांगितलं. नमुन्याची भिंत त्यानं दुकानामागेच उभी केली होती. काकू तिच्या आत जाऊन उभ्या राहिल्या. डोक्यावर आभाळाचा तुकडा तेवढा दिसत होता. विहिरीत उतरल्यासारखं वाटलं. त्या बाहेर आल्या.

काटेरी तारेकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. ज्या माणसाला लोखंड दिसलं की हात लावल्याशिवाय राहवत नाही, त्याच्यासाठी काटेरी तार? तारेची जाळी बरी वाटली, स्वस्त, हलकी, आरपार दिसणारी. पण शेजारच्या गल्लीत लावलेल्या जाळीला मिस्त्रींनी परवाच पकडीनं एक वेढा सोडवून दाखवला होता. एक वेढा सुटला की जाळी स्वेटरसारखी उसवते, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? राहिलं झुडपांचं कुंपण. रोपवाटिकेतला माळी फार प्रेमानं बोलला, हिरवंगार होतं म्हणाला, फुलपाखरं येतात म्हणाला.

"कमरेएवढं व्हायला किती दिवस लागतील?" काकूंनी विचारलं.

"चांगलं खतपाणी घातलं तर तीन वर्षं."

काकूंनी मान हलवली. तीन वर्षं मिस्त्रींना कुणी थांबा म्हणून सांगायचं?

शेवटी त्या बारक्याच्या दुकानात जाऊन बसल्या. त्याला सगळं ठाऊक होतं. तरी काकूंनी तोंड उघडलं तसा तो उठून उभा राहिला.

"नाही काकू. दुसरं काहीही सांगा. मला हातात टेप कसा धरायचा ते त्यांनी शिकवलं. त्यांच्यासाठी पिंजरा करायचा मी?"

"पिंजरा नको म्हणूनच तुझ्याकडे आले."

"तुम्ही कुणाकडूनही करून घ्या. मी मजुरी देतो."

"कुणाकडूनही करून घेतलं तर काय होईल सांगू? ते दिवसभर सांध्यांवर बोट फिरवत बसतील आणि त्यांचा जीव जाईल. कुंपणानं नाही जायचा, वाईट वेल्डिंगनं जाईल." काकूंना बोलता बोलता हसू आलं आणि हसता हसता डोळे भरले. "तू कर रे. तुझं काम त्यांना पसंत आहे."

बारक्यानं दोन्ही हातांनी टकलावरून घाम पुसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो टेप घेऊन आला. मिस्त्री ओट्यावर बसून चहा पीत होते. टेप उलगडल्याचा आवाज झाला मात्र, त्यांनी कप खाली ठेवला. सरळ उठले आणि बारक्याच्या हातातून टेप काढून घेतला.

"टोक धर तिकडं. नीट धर. कुठलं काम आहे?"

बारक्यानं काकूंकडे बघितलं. काकू दारात उभ्या होत्या. मिस्त्रींनीही वळून बघितलं आणि अदबीनं मान लववली. गिऱ्हाइकापुढं लववायचे तशी.

"या घरच्या बाई तुम्हीच का?"

काकू म्हणाल्या, "हो."

"कुंपण करायचंय? बाहेरच्याला अडवायचंय की आतल्याला?"

काकूंनी दाराची चौकट घट्ट धरली.

"आतल्याला," त्या म्हणाल्या.

"लहान पोर आहे?"

"हो. म्हणजे... लहान नाही. मोठं आहे. अंगानं तुमच्याएवढं आहे. आजारी आहे. बाहेर गेलं की त्याला परत येता येत नाही."

मिस्त्रींचा चेहरा मऊ झाला. टेप गुंडाळत ते काकूंच्या जवळ आले आणि आवाज खाली आणून बोलले, कुणाच्या घरच्या दुःखाबद्दल बोलावं तसं. "मग भिंत बांधू नका, बाई. पत्रा पण नको. त्याला बाहेरचं दिसायला हवं, नाहीतर भेदरेल. उभ्या सळया लावू, आडवी पट्टी फक्त खाली आणि वर. मधे आडवं काही असलं की पाय ठेवून चढेल. दोन सळयांत चार बोटं अंतर. वरती भाले नकोत, गोल पाइप लावू, त्यावर हात ठेवून उभं राहता येईल. उंची छातीइतकी. बरोबर ना रे?"

"बरोबर आहे मिस्त्री," बारक्या म्हणाला.

"आणि कडी?" काकूंनी विचारलं. ही एकच गोष्ट त्यांना खात होती. जगात अशी कडी नव्हती जी मिस्त्रींना उघडता येत नव्हती.

मिस्त्री विचार करू लागले. अंगणात एक फेरी मारली, दुसरी मारली. कितीतरी दिवसांनी त्यांच्या कपाळावर ती जुनी आठी पडलेली काकूंनी पाहिली.

"खाली लावू. गुडघ्याच्या खाली. माणूस फाटकापाशी आला की हात कमरेपाशी जातो, तिथं कडी नसली की तो वर शोधतो. खाली कुणी बघत नाही. आणि एका हातानं उघडेल अशी नको. एका हातानं खटका दाबून ठेवायचा, दुसऱ्यानं दांडा ओढायचा. आजारी माणसाला दोन गोष्टी एकदम जमत नाहीत."

हे तुम्हाला कसं ठाऊक, असं काकूंनी विचारलं नाही. बारक्या खाली बसून मातीत उगाचच खुणा करत राहिला.

काम अंगणातच करायचं ठरलं. बारक्यानं वेल्डिंगचं मशीन आणून ठेवलं. ते दिवस काकूंना पुढे पुष्कळदा आठवायचे, कारण ते दिवस फार चांगले गेले होते. मिस्त्री उजाडायच्या आत तयार व्हायचे. गुण्या लावून कोन तपासायचे, ओळंबा सोडून खांब सरळ आहेत का बघायचे, बारक्याला झापायचे. त्याला एवढ्या वर्षांत कुणी झापलं नव्हतं. तो खाली मान घालून "हो मिस्त्री, चुकलं मिस्त्री" म्हणायचा आणि ग्राइंडर चालवायच्या निमित्तानं तोंड फिरवायचा. होल्डर त्यानं मिस्त्रींच्या हाती एकदाच दिला, काळी काच स्वतः त्यांच्या डोळ्यांसमोर धरून, कडीच्या दांड्याच्या सांध्यापुरता. शिवण एकसारखी आली. हात काहीच विसरला नव्हता.

काकूंनी पदर खोचून प्रायमर मारला. रंगाची वेळ आली तेव्हा मिस्त्रींनी सांगितलं, हिरवा मारा, झाडांत मिसळून जाईल, पोराला टोचणार नाही. जेवायच्या वेळी तिघं ओट्यावर बसून जेवायचे. मिस्त्री दोन घास जास्तच खायचे. काकूंना वाटायचं, हे कुंपण पुरंच होऊ नये.

पुरं झालं. बारक्यानं फाटक चढवलं, तेल सोडलं. मिस्त्रींनी ते बिजागरीवर दोनदा झुलवून बघितलं, मान डोलावली, नळावर हात धुतले, चप्पल घातली आणि म्हणाले, "चला बाई, येतो आम्ही. काही कुरकुरलं तर कळवा."

बारक्या आधीच बाहेर गेला होता. काकूंनी फाटक लावून घेतलं. खटका बसल्याचा आवाज झाला.

मिस्त्री फाटकापाशी आले. हात कमरेपाशी गेला. कडी नव्हती. वर चाचपलं. तिथंही नव्हती. त्यांनी सळया धरून फाटक हलवलं, ते हललं नाही, पक्कं काम होतं. मग खाली वाकून त्यांनी दांडा शोधलासुद्धा, आणि ओढला. ओढला, पुन्हा ओढला. दुसऱ्या हाताचं काम त्यांना आठवेना. काकू दारात उभं राहून बघत होत्या. बाहेर बारक्या लिंबोणीच्या पलीकडे, रस्त्याच्या कडेला, आपलं ते भलंमोठं शरीर कुठं लपवावं ते न कळून उभा होता.

थोड्या वेळानं मिस्त्री सरळ झाले. वरच्या गोल पाइपवर हात ठेवून रस्त्याकडे बघत राहिले.

"चांगलं काम आहे," ते म्हणाले. "कुणी केलंय?"

"तुम्ही," काकू म्हणाल्या.

"मग मला उघडता यायला हवं."

काकू आत गेल्या आणि नळ नसलेल्या मोरीत उगाचच भांडी सरकवत बसल्या.

त्यानंतरचे दिवस म्हणायचे तर सुरक्षित होते. काकूंना आता पाठ वळवून कपडे धुता यायचे. मिस्त्री कुंपणाच्या आतून चालायचे, नळापासून लिंबोणीपर्यंत, लिंबोणीपासून फाटकापर्यंत, पुन्हा नळापर्यंत. तिथलं गवत मेलं आणि पायवाट पडली. शाळेतून येणारी मुलं सळयांतून हात घालून त्यांच्याशी हात मिळवायची. ते प्रत्येकाला विचारायचे, तुमच्या घरचं फाटक कसं आहे? ऊन उतरलं की मात्र ते फाटक धरून उभे राहायचे आणि घरी जायचंय म्हणायचे. "अहो, हेच घर," असं काकूंनी सांगून पाहिलं. त्यानं ते जास्तच कावरेबावरे व्हायचे. मग काकू शिकल्या. म्हणायच्या, "हो जाऊ, चहा घेऊन जाऊ." चहा होईपर्यंत ते विसरायचे. कधी विसरायचे नाहीत, तेव्हा दुसऱ्यांदा चहा करायचा.

कुंपणानं एकट्या मिस्त्रींना अडवलं नव्हतं. काकूही आतच होत्या. बहिणीकडे जाणं सुटलं, बाजार बारक्याची बायको करून आणायची. रस्त्यानं जाणाऱ्या बायका कुंपणापाशी थांबून दोन शब्द बोलायच्या आणि आपापल्या कामाला जायच्या. काकू तिथंच उभ्या राहायच्या, वरच्या पाइपवर हात ठेवून. ते ठेवायचे तस्सा.

एका दुपारी काकू तांदूळ निवडत ओट्यावर बसल्या होत्या. मिस्त्री फेऱ्या घालता घालता समोर येऊन थांबले. घरच्या बाई म्हणून ओळखलेलं दिसत होतं, कारण मान लववली.

"बाई, एक विचारू? ते तुमचं पोर कुठं दिसत नाही. त्याच्यासाठी एवढं कुंपण केलं ना आपण?"

काकूंचा हात तांदळातच राहिला. "झोपलंय," त्या म्हणाल्या.

"झोपू दे, झोपू दे." मिस्त्री ओट्याच्या कडेला टेकले. "पण त्याला कधीतरी बाहेर न्या हो. हाताला धरून न्या. फाटक नुसतं लावायला नसतं करत आम्ही. तसं असतं तर सगळीकडूनच सळया लावल्या असत्या."

काकूंनी ताट बाजूला ठेवलं. आत जाऊन चप्पल घातली, त्यांची चप्पल आणली, त्यांच्या पायांत सरकवली. खाली बसून एका हातानं खटका दाबला, दुसऱ्यानं दांडा ओढला.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी दोघं बाहेर पडायची. काकू त्यांचा हात आपल्या हातात घट्ट धरायच्या. इतक्या वर्षांच्या संसारात रस्त्यानं अशी हात धरून ती दोघं कधी चालली नव्हती, मिस्त्रींना तसलं काही आवडायचं नाही. एकेक फाटक बघत जायचं. हे आपलं, हेही आपलं, हा रंग मी मारलेला, असं काकू सांगायच्या. मिस्त्री कधी हो म्हणायचे, कधी परक्याचं काम बघावं तसं बघायचे. हळूहळू फेरी आखूड होत गेली. आधी वस्तीच्या टोकापर्यंत, मग गल्लीच्या तोंडापर्यंत, मग शेजारच्या घरापर्यंत. शेवटी मिस्त्री फाटकापर्यंत यायचे, ते उघडलेलं बघायचे आणि काकूंच्या खांद्यावर भार टाकून मागे फिरायचे. पायांत जोर उरला नव्हता.

मग ते अंथरुणाला खिळले. काकूंनी फाटकाचा खटका लावणं सोडून दिलं. छातीत कफ साचला, इस्पितळात नेलं, आठवड्याभरात ते गेले. मुलगी जवळ होती. जाण्याआधी त्यांनी काही सांगितलं नाही, कुणाला ओळखलंही नाही. पांघरुणावर त्यांची बोटं एका रेषेत पुढं सरकत होती, सांधा तपासावा तशी, आणि थांबली.

काही महिन्यांनी बारक्या आला. ओट्यावर बसला, चहा घेतला. मग म्हणाला, "काकू, कुंपण राहू द्यायचं की काढू? तुम्हाला रोज ते..."

"एकटीला कसलं कुंपण," काकू म्हणाल्या. पण काढ असंही म्हणाल्या नाहीत.

बारक्या कप हातात फिरवत राहिला. "एक बाई येतात माझ्याकडे. पाण्याच्या टाकीपलीकडं राहतात. सासरे आहेत. पोस्टात होते, घरोघर टपाल टाकायचे. आता टपाल नाही तरी जातात. परवा तळ्याच्या काठावर सापडले. बाईंना सिमेंटची भिंत घालायचीय."

काकूंनी एकदम वर पाहिलं. "भिंत?"

"मी सांगून बघितलं. ऐकत नाहीत. घाबरल्यात फार."

काकू उठल्या. खोलीत जाऊन केस विंचरले, बाहेर येऊन चप्पल शोधू लागल्या.

"कुठं निघालात?"

"तिच्याकडे. चल, दाखव घर. हे कुंपण उद्या काढायला घे, तिकडं लावायचं. खांब जपून उपट, वाकवशील." त्या अंगणात आल्या. मिस्त्रींच्या पायवाटेवर अजून गवत आलेलं नव्हतं. ती ओलांडताना त्या क्षणभर अडखळल्या, मग पुढं झाल्या. "आणि तिला आजच सांगायला हवं, घरी जायचंय म्हणाले तर हेच घर म्हणून वाद घालू नकोस म्हणावं. चहा घेऊन जाऊ म्हणायचं. घरात चहाची पूड जास्त आणून ठेव म्हणावं."

बारक्या कप तसाच ओट्यावर ठेवून त्यांच्या मागून निघाला.